अमेरिकेतली खासगी विद्यापीठं तोलताना: एसएटी, पगार आणि क्रमवारी कोणत्या क्रमाने बघायची

अकरावीची परीक्षा संपली की अमेरिकेत शिकायला जाऊ पाहणाऱ्या घरांत एक तक्ता तयार होतो. डावीकडे स्टॅनफर्ड, ड्यूक, नॉर्थवेस्टर्न, कार्नेगी मेलन, व्हँडरबिल्ट अशी नावं आणि पुढे तीन रकाने: यूएस न्यूजच्या क्रमवारीतला क्रमांक, एसएटी या प्रवेशपरीक्षेचे गुण, पदवीधरांचा सरासरी पगार. मग तिन्हींना गुण देऊन बेरीज करतात आणि 'आपली पहिली दहा' ठरवतात.

आकडे खरे असले तरी ही बेरीज चुकते, कारण प्रत्येक रकाना वेगळ्याच माणसांबद्दल बोलतो. एसएटीचा रकाना नुकताच प्रवेश घेतलेल्यांपैकी ज्यांनी गुण कळवले तेवढ्यांचाच असतो. पगाराचा रकाना बऱ्याच वर्षांपूर्वी शिकायला आलेल्या आणि सरकारी मदत घेतलेल्या मुलांचा. क्रमवारीत मुलं कमी आणि संस्थाच जास्त मोजली जाते. असे आकडे बेरजेत घालायचे नसतात. एकाने गाळून उरलेलं दुसऱ्याने गाळायचं, आणि कोणती गाळणी आधी लावायची यावर पुढचं सगळं ठरतं. बहुतेक जण क्रमवारीपासून सुरुवात करतात. ती शेवटी यायला हवी.

इथे फक्त बारावीनंतरच्या पदवी प्रवेशाचा विचार केला आहे. एमएसचा हिशेब वेगळा.

## तयारी: तक्ता उघडण्याआधी

प्रत्येक विद्यापीठासाठी तीन गोष्टी हाताशी हव्यात.

पहिली, कॉमन डेटा सेट, म्हणजे विद्यापीठाने ठरावीक साच्यात जाहीर केलेली स्वतःची आकडेवारी. विद्यापीठाचं नाव आणि हे तीन शब्द एकत्र शोधले की संस्थेच्या आकडेवारी विभागाचं पान सापडतं. साचा सगळीकडे सारखा असतो, त्यामुळे एकदा वाचायला शिकलं की पुढची सगळी वाचता येतात. आपल्याला लागतात त्यातले बी, सी आणि एच हे भाग. कोलंबिया दोन वेगळे संच काढते, एक कोलंबिया कॉलेज आणि इंजिनिअरिंगचा, दुसरा जनरल स्टडीजचा. आपल्याला पहिला हवा.

दुसरी, कॉलेज स्कोरकार्ड. हे खर्च आणि कमाईचे आकडे देणारं अमेरिकी शिक्षण खात्याचं मोफत संकेतस्थळ आहे.

तिसरी, विद्यापीठाचा स्वतःचा 'पदवीनंतर मुलं कुठे गेली' हा अहवाल. तो बहुधा करिअर सेंटरच्या पानावर असतो.

तक्त्यात प्रत्येक आकड्याशेजारी दोन छोटे रकाने ठेवा: 'कोणत्या वर्षाचा' आणि 'कोणाचा'. दुसरा रकाना भरायचा कंटाळा येतो, पण बहुतेक चुका तिथेच पकडल्या जातात. तो भरता येत नसेल तर आकडा तक्त्यात घालू नका, मग तो यूट्यूबवरून आलेला असो की काउन्सेलरच्या पीडीएफमधून.

## टप्पा १: आपण कोणत्या रांगेत उभे आहोत

विद्यापीठांची नावं लिहिण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं लिहा.

नागरिकत्व. प्रवेश आणि आर्थिक मदत, दोन्हींचे नियम यावर बदलतात. शाळा कोणत्या देशात आहे यापेक्षा पासपोर्ट कोणता आहे हे सहसा महत्त्वाचं ठरतं. पुण्या-मुंबईत परत आलेल्या कित्येक मराठी कुटुंबांतली मुलं जन्माने अमेरिकी नागरिक आहेत. ती पुण्यात बारावी करत असली तरी सरकारी मदतीचा फाफ्सा अर्ज भरू शकतात, आणि बहुतेक विद्यापीठं मदतीच्या बाबतीत त्यांना अमेरिकी विद्यार्थीच धरतात. ही मुलं स्वतःला 'इंटरनॅशनल' समजून यादी करतात आणि परवडणारी विद्यापीठं आधीच खोडून टाकतात. एडिसन किंवा फ्रीमाँटमधल्या ग्रीन कार्डवाल्या मुलांनाही हेच लागू. एच-४ वर, म्हणजे पालकांच्या वर्क व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर, असलेल्या मुलांची गोष्ट निराळी. शाळा अमेरिकेत असली तरी सरकारी मदत त्यांना मिळत नाही, आणि बरीच खासगी विद्यापीठं त्यांना आंतरराष्ट्रीय गटात धरतात.

विषय आणि विद्यापीठातलं कॉलेज. कार्नेगी मेलनच्या कॉम्प्युटर सायन्स स्कूलचा दरवाजा संपूर्ण विद्यापीठाच्या टक्केवारीपेक्षा कितीतरी अरुंद आहे. पेनमध्ये व्हॉर्टन हे बिझनेस स्कूल वेगळं, कॉर्नेलमध्ये प्रत्येक कॉलेजचा प्रवेश वेगळा. कॉमन डेटा सेटमध्ये मात्र या सगळ्यांची सरमिसळ असते.

> तपासा: तक्त्याच्या पहिल्या रकान्यात 'कॉर्नेल' एवढंच लिहिलं असेल तर ते अपुरं आहे. 'कॉर्नेल, इंजिनिअरिंग' असं हवं.

## टप्पा २: खर्चाची गाळणी

हा टप्पा लोक शेवटी ठेवतात आणि एप्रिलमध्ये प्रवेशपत्र हातात आल्यावर रडारड होते. बऱ्याच निवडक खासगी विद्यापीठांत फी, राहणं, जेवण धरून वर्षाचा खर्च आता ९०,००० डॉलरच्या वर गेला आहे. त्याला चारने गुणा, दर वर्षीची वाढ धरा, आणि मगच पुढे चला.

भारतीय पासपोर्टवर अर्ज करणाऱ्यांनी स्कोरकार्डवरचा 'सरासरी निव्वळ खर्च' बघूच नये. तो सरकारी मदत मिळवणाऱ्या अमेरिकी मुलांचा असतो. त्यांच्यासाठी कॉमन डेटा सेटच्या एच भागात सहावा प्रश्न आहे: किती परदेशी विद्यार्थ्यांना मदत दिली आणि सरासरी किती. त्या संख्येला बी भागातल्या एकूण परदेशी पदवी विद्यार्थ्यांच्या संख्येने भागा. शंभरातल्या किती जणांना मदत मिळते, हे या एका भागाकाराने कळतं. सरासरी रक्कम मोठी आणि टक्केवारी अगदी लहान असेल, तर ते विद्यापीठ मोजक्यांना भरघोस देतं आणि बाकीच्यांकडून पूर्ण फी घेतं.

परदेशी विद्यार्थ्याची ऐपत न बघता प्रवेश देणारी विद्यापीठं थोडी आहेत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, ब्राउन, नॉत्र दाम, आणि लहान कॉलेजांत अ‍ॅमहर्स्ट व बोडन ही त्यांतली ठळक नावं. इतर बहुतेक ठिकाणी मदत मागितली की प्रवेशाची शक्यता घटते. तिथे 'आधी मदत न मागता प्रवेश घेऊ, नंतर मागू' ही युक्ती चालत नाही. प्रवेशाच्या वेळी न मागितलेली मदत पुढच्या वर्षांत मिळणार नाही, असा नियम अनेक विद्यापीठांत आहे.

> सावधान: अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांनी नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाता आपल्याला किती खर्च येईल याचा अंदाज देणारं विद्यापीठाचं ऑनलाइन साधन) स्वतः भरून बघावा. त्यात घराची किंमत आणि धंद्याचं उत्पन्न टाकल्यावर काही विद्यापीठांचा आकडा एकदम वाढतो, काहींचा नाही. प्रत्येकाचं सूत्र वेगळं असल्यामुळे हा फरक पडतो.

## टप्पा ३: प्रवेशाचे आकडे वाचणं

### एसएटीची पट्टी

सी भागातल्या नवव्या प्रश्नात तीन आकडे मिळतात: २५वा, ५०वा आणि ७५वा पर्सेंटाइल. पट्टी १५००–१५६० असेल तर गुण कळवलेल्यांपैकी चौथा हिस्सा १५००च्या खाली आणि चौथा हिस्सा १५६०च्या वर असतो. १५०० हा 'कटऑफ' नाही. आपल्याकडच्या अकरावी-इंजिनिअरिंगच्या याद्यांची सवय असल्यामुळे तो तसा वाचला जातो.

त्याच प्रश्नात एक ओळ असते जी बहुतेक जण ओलांडून जातात: किती टक्के विद्यार्थ्यांनी एसएटी आणि किती टक्क्यांनी एसीटी (एसएटीसारखीच दुसरी प्रवेशपरीक्षा) कळवली. २०२० नंतर बहुतेक विद्यापीठांनी परीक्षा ऐच्छिक केली, आणि ज्यांचे गुण कमी होते त्यांनी ते पाठवलेच नाहीत. त्यामुळे पट्टी वर सरकली, वर्ग मात्र तितकाच हुशार राहिला. एका विद्यापीठात ९० टक्के मुलांनी गुण दिलेत आणि दुसऱ्यात निम्म्यांनी, तर दोन्हींचे १५२० सारखे नाहीत. दुसऱ्या विद्यापीठाचा संपूर्ण वर्ग धरला तर तो बहुधा खाली येईल.

नियमही विद्यापीठागणिक बदलत आहेत. एमआयटीने २०२२ मध्ये परीक्षा पुन्हा सक्तीची केली. २०२४ मध्ये डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड आणि कॅलटेकने तेच केलं, तर येलने एसएटी, एसीटी किंवा एपी, आयबी या शालेय अभ्यासक्रमांच्या परीक्षा यांपैकी काहीतरी हवंच असा मार्ग काढला. कोलंबियाने परीक्षा ऐच्छिकच ठेवली. म्हणून २०२३च्या पट्टीची २०२५च्या पट्टीशी तुलना करण्याआधी मधल्या काळात नियम बदलला का ते बघा. एखाद्या विद्यापीठाची पट्टी अचानक खाली आलेली दिसली, तर दर्जा घसरला असं समजू नका. पूर्वी लपलेले गुण दिसू लागले एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

आणखी तीन चुका पुन्हापुन्हा दिसतात:

- गणिताचा २५वा आणि रीडिंग-रायटिंगचा २५वा पर्सेंटाइल मिळवून 'एकूण २५वा' काढणं. दोन्ही विषयांत मागे असणारी मुलं एकच नसतात, त्यामुळे ही बेरीज चुकते. एकूण गुणांची ओळ वेगळी दिलेली असते, तीच घ्या.
- काही विद्यापीठं प्रवेश *देऊ केलेल्यांची* पट्टी जाहिरातीत छापतात, तर कॉमन डेटा सेटमध्ये प्रवेश *घेतलेल्यांची* असते. पहिली सहसा वरची. एकाची पहिली आणि दुसऱ्याची दुसरी, अशी तुलना होता कामा नये.
- एसीटीचे गुण अंदाजाने बदलणं. त्यासाठी अधिकृत रूपांतर तक्ता आहे. त्यात एसीटी ३४ म्हणजे साधारण एसएटी १५००.

माझं मत विचाराल तर भारतातून कॉम्प्युटर सायन्स किंवा इंजिनिअरिंगला अर्ज करणाऱ्याने ५०वा पर्सेंटाइल ही आपली खालची रेघ समजावी. खालच्या चौथ्या हिश्शात खेळाडू म्हणून निवडलेली आणि इतर काही खास कारणाने घेतलेली मुलं बरीच असतात. ती जागा तुमच्यासाठी रिकामी नाही.

### प्रवेशाची टक्केवारी

'सात टक्के प्रवेश' हा आकडा फोडल्याशिवाय वापरू नका. समजा एका विद्यापीठाकडे ४०,००० अर्ज आले आणि २,८०० जणांना प्रवेश मिळाला. सी भागाच्या २१व्या प्रश्नात अर्ली डिसिजनचे, म्हणजे लवकर अर्ज करून प्रवेश मिळाल्यास तो घेण्याचं बंधन असलेल्या फेरीचे, आकडे असतात. तिथे समजा ५,००० अर्ज आणि १,००० प्रवेश दिसले. म्हणजे अर्ली डिसिजनमध्ये २० टक्के. उरले ३५,००० अर्ज आणि १,८०० प्रवेश, म्हणजे रेग्युलरमध्ये जेमतेम ५.१ टक्के. हा आकडा कल्पित आहे, पण अर्ली डिसिजन असलेल्या विद्यापीठांत चित्र साधारण असंच दिसतं.

यावरून 'अर्ली डिसिजनला चौपट शक्यता' असा निष्कर्ष मात्र काढू नका. त्या गटात खेळाडू आणि माजी विद्यार्थ्यांची मुलं जास्त असतात. त्यांना वगळून उरणारा फायदा त्याहून लहान असतो.

परदेशी अर्जदारांचा दर आणखी वेगळा. एमआयटी तो उघडपणे छापते आणि तो साधारण दोन टक्क्यांच्या आसपास असतो, एकूण दराच्या निम्म्याहून कमी. जिथे असा वेगळा आकडा मिळत नाही तिथे छापील दरापेक्षा आपला दर कमी आहे असंच धरून चला.

> तपासा: या टप्प्यानंतर प्रत्येक विद्यापीठापुढे 'अवघड', 'जमण्यासारखं' किंवा 'बहुधा होईल' असं लिहा. एकूण दर दहा टक्क्यांच्या खाली असलेलं कुठलंही विद्यापीठ तिसऱ्या खणात जाऊ शकत नाही, गुण १६०० असले तरी.

## टप्पा ४: कमाई

सगळ्यात जास्त गोंधळ या टप्प्यात होतो.

स्कोरकार्ड उघडलं की वर ठळक अक्षरात एक मधला पगार दिसतो. तो संपूर्ण विद्यापीठाचा असतो. त्यात कोण येतं? ज्यांनी अमेरिकी केंद्र सरकारचं कर्ज किंवा अनुदान घेतलं, पहिल्या प्रवेशानंतर दहा वर्षांनी जे नोकरी करत होते आणि शिकत नव्हते, असे सगळे, पदवी पुरी केलेली असो वा नसो. कर्ज न घेता शिकलेली श्रीमंत मुलं त्यात नाहीत. विद्यार्थी व्हिसावर शिकलेलं तर एकही मूल त्यात नाही.

शिवाय या आकड्यात विषयांचं मिश्रण लपलेलं असतं. हार्वी मडमध्ये जवळजवळ सगळेच विज्ञान-इंजिनिअरिंगचे आणि बॅबसनमध्ये सगळे व्यवसायाचे. त्यांचा आकडा वर असणारच. जॉन्स हॉपकिन्समध्ये डॉक्टर व्हायला निघालेली मुलं पुष्कळ, आणि प्रवेशानंतर दहाव्या वर्षी त्यांतली बरीच रेसिडेन्सीच्या तुटपुंज्या पगारावर असतात. तो आकडा बघून हॉपकिन्स खोडणं म्हणजे शुद्ध अन्याय.

तेव्हा पुढच्या क्रमाने जा.

४.१ विद्यापीठाचा ठळक आकडा तक्त्यात घालू नका. खाली 'फील्ड्स ऑफ स्टडी' मध्ये जा आणि बॅचलर्स पातळी निवडा. इथले आकडे पदवी पूर्ण केलेल्यांचे असतात.

४.२ विषयाचा कोड टिपून घ्या. सरकारी यादीत प्रत्येक विषयाला सीआयपी नावाचा अंकी कोड असतो. एक विद्यापीठ आपला अभ्यासक्रम 'कॉम्प्युटर सायन्स'खाली नोंदवतं, दुसरं 'कॉम्प्युटर अँड इन्फर्मेशन सायन्सेस, जनरल'खाली, तिसरं कॉम्प्युटर इंजिनिअरिंगखाली. नाव सारखं म्हणून कोड सारखा असेलच असं नाही.

४.३ पदवीनंतर किती वर्षांनी मोजलेला पगार आहे, ते बघा. एकाचा पहिल्या वर्षाचा आणि दुसऱ्याचा चौथ्या-पाचव्या वर्षाचा आकडा शेजारी ठेवलेले तक्ते मी पाहिले आहेत.

४.४ आकडा नसेल तर रिकामं सोडा. विभाग लहान असला की ओळख उघड होऊ नये म्हणून सरकार आकडा झाकतं. त्याच्या जागी संपूर्ण विद्यापीठाचा आकडा भरणं ही सगळ्यात सामान्य चूक.

४.५ आता विद्यापीठाचा स्वतःचा अहवाल घ्या. तिथे आधी 'नॉलेज रेट' शोधा, म्हणजे किती टक्के पदवीधरांचा ठावठिकाणा लागला. मग पगार किती जणांनी सांगितला ते बघा. ९५ टक्के 'यशस्वी', पण पगार सांगणारे चाळीस टक्केच, असं असलं तर त्या पगारावर फार भरवसा ठेवू नये. आकडा सरासरी आहे की मधला, त्यात जॉइनिंग बोनस धरलाय का, हेही टिपा.

४.६ शहराच्या महागाईने पगार भागताना सांभाळा. पिट्सबर्ग स्वस्त म्हणून कार्नेगी मेलनचा पगार 'वाढवून' वाचणारे आहेत. पण तिथले कॉम्प्युटर सायन्सवाले मोठ्या संख्येने कॅलिफोर्निया, सिअ‍ॅटल, न्यू यॉर्कला जातात. भागायचं तर नोकरीच्या शहराच्या महागाईने भागा.

४.७ भारतीय पासपोर्ट असेल तर डॉलरमधला पगार व्हिसा टिकेल तेवढाच काळ आपला. पदवीनंतर ओपीटी या कामाच्या परवानगीवर १२ महिने काम करता येतं. विषय अमेरिकी सरकारच्या स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) यादीत असेल तर आणखी २४ महिने मिळतात, आणि पुन्हा गाठ पडते त्याच सीआयपी कोडशी. साधं अर्थशास्त्र या यादीत नाही, पण ४५.०६०३ या कोडखालचं 'इकॉनोमेट्रिक्स अँड क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्स' आहे, आणि म्हणून अनेक विद्यापीठांनी आपलं अर्थशास्त्र त्या कोडखाली नेलं. दोन विद्यापीठांच्या अर्थशास्त्राच्या पदव्यांत तुमच्यासाठी दोन वर्षांच्या कमाईचा फरक पडू शकतो, आणि तो कोणत्याही क्रमवारीत दिसत नाही. विभागाला ईमेल करून कोड विचारा. कर्जफेडीचा हिशेबही दोनदा मांडा: तिथे राहिलात तर, आणि तीन वर्षांनी परत येऊन रुपयांत कमावलंत तर.

> सावधान: विद्यापीठाच्या पदवीधरांचा पगार म्हणजे विद्यापीठाने *वाढवलेला* पगार नव्हे. स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर यांनी २००२ मध्ये दाखवलं की सारख्याच तोडीच्या विद्यापीठांत प्रवेश मिळालेल्या मुलांपैकी जी कमी निवडक ठिकाणी गेली, त्यांचीही पुढची कमाई साधारण तेवढीच राहिली. गरीब घरांतली मुलं याला अपवाद होती. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांनी २०२३ मध्ये आयव्ही लीगची आठ आणि स्टॅनफर्ड, एमआयटी, ड्यूक, शिकागो अशी बारा विद्यापीठं तपासली. उत्तम सरकारी विद्यापीठांच्या तुलनेत सरासरी कमाईत ठोस फरक सापडला नाही. सर्वोच्च एक टक्का कमावणाऱ्यांत जाण्याची शक्यता मात्र जवळपास दीडपट झाली.

## टप्पा ५: क्रमवारी, आता आणि फक्त आता

इथवर आलात तर यादी आपोआप आठ-दहा नावांवर आलेली असेल. क्रमवारी आता फक्त दोन बरोबरीची नावं उरली तर बघायची.

यूएस न्यूजच्या यादीत २० टक्के वजन इतर विद्यापीठांच्या प्रमुखांनी दिलेल्या मतांना आहे. २०२३ मध्ये त्यांनी सूत्र बदललं. वर्गाचा आकार आणि माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या हे निकष काढले, आणि गरीब मुलांना पदवीपर्यंत नेण्याला जास्त वजन दिलं. एका रात्रीत टुलेन ४४वरून ७३वर, वेक फॉरेस्ट २९वरून ४७वर आणि शिकागो ६वरून १२वर गेलं. त्या रात्री तिथले प्राध्यापकही बदलले नाहीत आणि वर्गही नाहीत. त्याआधी २०२२ मध्ये कोलंबियाच्याच एका गणिताच्या प्राध्यापकाने विद्यापीठाने पाठवलेल्या आकड्यांवर प्रश्न उठवले, आणि कोलंबिया दुसऱ्या क्रमांकावरून अठराव्यावर आलं. म्हणून दहापेक्षा कमी क्रमांकांचा फरक मी फरक मानत नाही.

विल्यम्स आणि अ‍ॅमहर्स्ट ही कॉलेजं यूएस न्यूजच्या वेगळ्या यादीत असतात. 'राष्ट्रीय विद्यापीठांच्या' यादीत ती नाहीत म्हणून दुय्यम समजू नका.

आपल्याकडे क्यूएस या जागतिक क्रमवारीचं वेड मोठं आहे. महाराष्ट्र शासनाच्या परदेश शिष्यवृत्तीसारख्या ठिकाणी तिची अट असते, तेव्हा ती बघावीच लागते. पण क्यूएस आणि टाइम्सच्या जागतिक क्रमवाऱ्या मुख्यतः संशोधन आणि नावलौकिक मोजतात. पदवीच्या वर्गात कोण शिकवतं, याच्याशी त्यांचा फारसा संबंध नाही. यूएस न्यूजच्या पदवी पातळीवरच्या कॉम्प्युटर सायन्स आणि इंजिनिअरिंगच्या याद्याही निव्वळ इतर विभागप्रमुखांच्या मतांवर बनतात.

## टप्पा ६: शेवटची यादी आणि अर्ली डिसिजन

आता बेरीज करायची नाही. प्रत्येक नावापुढे तीन वाक्यं लिहा: चार वर्षांचा आपला खर्च, आपली प्रवेशाची शक्यता, आपल्या विषयाची कमाई कोणत्या पुराव्यावर. वाक्य लिहिताना 'साधारण', 'बहुतेक' असे शब्द जिथे येतील तिथे मागच्या टप्प्यातलं काम अर्धवट आहे.

कॉमन अ‍ॅप, म्हणजे अनेक विद्यापीठांसाठीचा सामायिक ऑनलाइन अर्ज, १ ऑगस्टला उघडतो. त्या आठवड्यात परीक्षेचे नियम आणि मदतीचं धोरण पुन्हा तपासा. नवा कॉमन डेटा सेट आला असेल तर जुना आकडा बदला, पण संपूर्ण यादीसाठी बदला.

अर्ली डिसिजन बंधनकारक असतं, आणि करारावर विद्यार्थी, पालक आणि शाळेचा काउन्सेलर अशा तिघांच्या सह्या लागतात. मदत अपुरी पडली तर बहुतेक विद्यापीठं करारातून सोडतात, पण ते सिद्ध करायचं काम तुमचं. म्हणून अर्ली डिसिजनसाठी निवडलेल्या नावापुढे टप्पा २ मधला आकडा पक्का हवा. तो नसेल तर तिथे रेग्युलरमध्ये अर्ज करा. बहुतेक ठिकाणी पहिल्या फेरीची तारीख १ नोव्हेंबर असते आणि निकाल डिसेंबरच्या मध्यावर लागतो. नकार आला तर व्हँडरबिल्ट, शिकागो, एमरी, टफ्ट्स अशा ठिकाणी जानेवारीच्या सुरुवातीला अर्ली डिसिजनची दुसरी फेरी असते. त्या फेरीचं नाव ऑक्टोबरातच तक्त्यात लिहून ठेवा, म्हणजे डिसेंबरमध्ये नकार आल्या रात्री क्रमवारी उघडून नवं विद्यापीठ शोधावं लागणार नाही.